जोडीची गोळी

सकाळी चहाच्या आधी अर्धा पेला पाणी आणि एक छोटी पांढरी गोळी, असं दोन वर्षं सुरळीत चाललेलं असतं. मग एका महिन्याच्या तपासणीला डॉक्टर दंडावरचा पट्टा सोडतात, पुन्हा गुंडाळतात, पुन्हा फुगवतात आणि म्हणतात, "अजून एकशे अठ्ठावन्नच येतंय. आपण एक गोळी जोडू या." चिठ्ठीवर दुसरं नाव उमटतं आणि घरी पोचेपर्यंत त्या नावाचं वजन वाढलेलं असतं. मावशी म्हणते, "म्हणजे आजार वाढला." शेजारचे काका म्हणतात, "गोळ्यांनी किडनी जाते." मुलगा मोबाईलवर दुष्परिणामांची यादी मोठ्यानं वाचतो. आणि मेडिकलच्या काउंटरवर कुणीतरी हमखास तो व्यवहारी प्रश्न विचारतं, "दोन-दोन कशाला? आहे तीच मोठी करून द्या ना."

हा प्रश्न अगदी रास्त आहे. पाचची गोळी पुरत नसेल तर दहाची घ्यावी, हे गणित कुणालाही पटेल. मात्र गाडी चढावर अडली, तर शेतकरी हे गणित मांडत नाही. एकाच बैलाला दुप्पट पेंड चारली म्हणून तो दोघांचं ओझं ओढत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तो जुवाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा बैल जुंपतो. रक्तदाबाच्या औषधांचं तर्कशास्त्र बरंचसं याच वाटेनं जातं, आणि त्यामागे चांगला सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचा अनुभव आहे.

एका गोळीची हद्द

आधी आकडे पाहू. रक्तदाबाच्या गोळ्यांवरच्या 354 चाचण्यांचा एकत्रित हिशेब 2003 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या डोसमध्ये कोणतीही एक गोळी वरचा रक्तदाब सरासरी 9 अंकांनी उतरवते, असं त्यात दिसलं. इथे अंक म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर. खरी गंमत पुढे आहे. तीच गोळी निम्म्या डोसमध्ये दिली, तरी उतार 7 अंकांचा मिळत होता. म्हणजे डोस दुप्पट केल्यावर पदरात पडले ते जेमतेम दोन अंक. कामाचा मोठा वाटा पहिल्या अर्ध्या गोळीतच उरकलेला होता.

आता दवाखान्यातल्या त्या 158 च्या आकड्याकडे परत येऊ. तो 130 च्या आसपास आणायचा, तर 28 अंक उतरायला हवेत. सुरुवातीचा दाब जास्त असेल तर गोळीचा उतारही थोडा जास्त मिळतो, हे खरं. तरीही एकाच गोळीचा डोस चढवत नेऊन एवढी मजल गाठणं बहुतेकांच्या बाबतीत जमत नाही. सहा वर्षांनी, म्हणजे 2009 मध्ये, संशोधकांनी नेमका काउंटरवरचा तोच प्रश्न तपासला : आहे ती गोळी दुप्पट करावी की वेगळ्या जातीची दुसरी जोडावी? त्यासाठी 42 चाचण्यांमधल्या जवळजवळ अकरा हजार लोकांची माहिती एकत्र केली गेली. डोस दुप्पट करून जेवढा जादा उतार मिळतो, त्याच्या सुमारे पाचपट उतार दुसरी गोळी जोडून मिळतो, असं उत्तर आलं.

दुष्परिणामांचं गणित मात्र उलटं चालतं. बऱ्याच औषधांच्या बाबतीत डोस वाढला की परिणाम थोडा वाढतो आणि त्रास मोठा. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या अम्लोडिपिनचं उदाहरण घ्या. पाचच्या डोसवर चपला नीट बसणाऱ्या माणसाच्या पायांना दहाच्या डोसवर संध्याकाळी सूज दिसू लागते. म्हणून "मोठी करून द्या" म्हणणारा माणूस काटकसर करायला जातो आणि महागातला सौदा करून येतो.

शरीर दोर ओढतं

एकच गोळी अशी का थकते? कारण ती ज्याच्याशी झुंजते, ते शरीर गप्प बसत नाही.

माणसाच्या शरीराची घडण उच्च रक्तदाबाच्या भीतीतून झालेली नाही. लाखो वर्षं खरा धोका होता तो दाब पडण्याचा. जखमेतून रक्त वाहिलं, हगवण लागली, उन्हात पाणी मिळालं नाही, की माणूस काही तासांत दगावायचा. म्हणून दाब पडतोय असं दिसताच तो सावरायला शरीरानं एक नाही, अनेक पहारेकरी ठेवले. मूत्रपिंड रेनिन नावाचं द्रव्य सोडतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. त्याच्याच सांगण्यावरून अल्डोस्टेरॉन मीठ आणि पाणी धरून ठेवतं. मज्जासंस्था हृदयाला वेग देते. हे सगळं पहाऱ्यातल्या शिपायांसारखं, न विचारता, रात्रंदिवस चालू असतं.

आता तुम्ही गोळी घेतली. रक्तवाहिन्या सैल झाल्या, दाब उतरला. आपण खूश असतो, पण पहारेकऱ्यांना त्यात संकट दिसतं. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी गोळी घेतली, तर मूत्रपिंड रेनिन वाढवतं आणि वाहिन्या आवळायला घेतं. वाहिन्या सैल करणारी घेतली, तर मज्जासंस्था जागी होते. आपण दोर एका बाजूला ओढतो, शरीर दुसऱ्या बाजूला. त्याच गोळीचा डोस वाढवला की आपण त्याच जागी आणखी जोर लावतो आणि शरीरही आणखी रेटा लावतं.

दुसरी गोळी वेगळ्या जागी काम करते. पहिल्या गोळीला शरीर ज्या वाटेनं विरोध करतं, नेमकी तीच वाट ती अडवते. मीठ-पाणी काढणाऱ्या गोळीमुळे रेनिन खवळलं असेल आणि त्याच वेळी अँजिओटेन्सिनला रोखणारी गोळी जोडली असेल, तर त्या खवळण्याला काही अर्थच उरत नाही. उलट, रेनिन जागं झालेल्या शरीरात ही दुसरी गोळी अधिक चांगली चालते. म्हणून इथे एक अधिक एक हा निव्वळ बेरजेचा मामला राहत नाही.

अमेरिकेतले संशोधक अर्विन पेज यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावरच उच्च रक्तदाबाला रंगीत फरश्यांच्या नक्षीची उपमा दिली होती. मूत्रपिंड, मज्जातंतू, संप्रेरकं, रक्तवाहिन्या असे अनेक तुकडे एकमेकांत गुंतलेले असतात, एकाला हात लावला की बाकीचे हलतात. एका तुकड्यावर सगळा दोष टाकता येत नाही आणि एका तुकड्यावर इलाज करून सगळं चित्र बदलत नाही.

पहिला पुरावाच तिघांचा

आज आपल्याला एक गोळी ही सुरुवात वाटते आणि दुसरी गोळी म्हणजे बिघाड. इतिहास पाहिला तर क्रम वेगळाच निघतो.

1944 च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासलं, तेव्हा दाब 186/108 होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखासाठीही त्या वेळी मीठ कमी करणं, विश्रांती, झोपेचं औषध आणि हृदयासाठी डिजिटॅलिस यापलीकडे फारसं काही हाताशी नव्हतं. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी नोंदलेला वरचा दाब 300 च्या घरात होता.

त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईतून एक बातमी निघाली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीचं औषध देऊन काय दिसलं, ते 1949 च्या ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. सर्पगंधा आपल्या वैद्यांच्या आणि संशोधकांच्या परिचयाची होतीच. वकिलांच्या लेखानं ती जगाच्या नजरेत आणली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं आणि 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

याच सुमाराला मीठ-पाणी लघवीवाटे काढणारी थायझाइड जातीची औषधं आली. पण दाब उतरवल्यानं माणसं खरोखर वाचतात का, हे तोवर कुणी काटेकोरपणे दाखवलेलं नव्हतं. वाढता दाब ही म्हाताऱ्या शरीराची गरजच आहे, तो उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडेल, असं मानणारे मोठमोठे डॉक्टर होते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकारानं झालेल्या चाचणीनं तो वाद संपवला. 1967 मध्ये तिचे निष्कर्ष आले. खालचा दाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांपैकी निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना दिखाऊ गोळी दिली होती. दिखाऊ गोळीच्या गटात 27 जणांना गंभीर तडाखा बसला, खऱ्या औषधाच्या गटात फक्त 2 जणांना.

आणि ते 'खरं औषध' काय होतं? थायझाइड, हायड्रॅलझिन आणि सर्पगंधेतून आलेलं रेसरपिन, तिन्ही एकत्र. रक्तदाबाच्या उपचारानं जीव वाचतो, हा पहिला भक्कम पुरावा एका गोळीचा नव्हता. तो तीन औषधांच्या जोटाचा होता आणि त्यातल्या एकाचं मूळ आपल्या मातीतलं होतं. एकट्या गोळीवर वर्षानुवर्षं रेंगाळण्याची रीत त्यानंतरची.

कुणाची जोडी कुणाशी

जोडी जमवताना औषधांची घराणी ओळखावी लागतात. सुदैवानं औषधांनाही आडनावं असतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन हे सगळे 'सार्टन'. एनालाप्रिल, रामिप्रिल, पेरिंडोप्रिल हे 'प्रिल'. अम्लोडिपिन, सिल्निडिपिन हे 'डिपिन'. अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल हे 'ओलोल'. मीठ-पाणी काढणाऱ्यांचं एकच आडनाव नाही. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड ही त्यांतली नेहमीची नावं.

डिपिन रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतात. थायझाइड मीठ-पाण्याचा भार उतरवतात. प्रिल आणि सार्टन अँजिओटेन्सिनचा हुकूम अडवतात : प्रिल तो हुकूम तयारच होऊ देत नाहीत, सार्टन तो पोचू देत नाहीत. प्रिल घराण्याचा मूळपुरुष कॅप्टोप्रिल अमेरिकेत 1981 मध्ये मंजूर झाला, आणि त्याच्या शोधाची वाट ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषातून गेली होती. सर्पगंधेत साप नावापुरता. इथे तो खरोखरचा.

यांच्यातली चांगली जोडी ती, जिच्यातला एक दुसऱ्याचा दोष झाकतो. अम्लोडिपिननं पायाला सूज येते, कारण ते रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या रुंद करतं, पण रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या तशाच राहतात. केशवाहिन्यांत रक्त तुंबतं आणि पाणी बाहेर झिरपतं. सार्टन किंवा प्रिल जोडलं की परतीच्या वाहिन्याही रुंदावतात आणि सूज बऱ्याचदा ओसरते. थायझाइड शरीरातलं पोटॅशियम घटवतं, सार्टन ते वाढवतं. दोघं बरोबर असले की काटा मधोमध राहायला मदत होते.

कोणती जोडी सरस? 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकॉम्प्लिश नावाच्या चाचणीत साडेअकरा हजार लोक होते. सगळ्यांना एक प्रिल दिलं होतं. निम्म्यांना जोडीला अम्लोडिपिन, निम्म्यांना हायड्रोक्लोरोथायझाइड. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारे मृत्यू धरून पहिल्या गटात 9.6 टक्के लोकांवर संकट आलं, दुसऱ्यात 11.8 टक्क्यांवर. मात्र ही माणसं मुख्यतः पाश्चात्त्य देशांतली होती. भारतीयांचं काय, याचं उत्तर अलीकडच्या टॉपस्पिन या चाचणीनं दिलं. देशभरातल्या रुग्णालयांमधल्या जवळपास दोन हजार भारतीयांना अम्लोडिपिन-पेरिंडोप्रिल, अम्लोडिपिन-इंडापामाइड किंवा पेरिंडोप्रिल-इंडापामाइड यांपैकी एकेक जोडगोळी दिली गेली. सहा महिन्यांनी तिन्ही जोड्या दाब उतरवण्यात सारख्याच निघाल्या आणि सुमारे सत्तर टक्के लोक 140/90 च्या खाली आले. दाब उतरवण्यापुरता अर्थ सरळ आहे. अमुकच जोडी हवी म्हणून अडून बसण्यापेक्षा एक योग्य जोडी वेळेवर सुरू होणं महत्त्वाचं.

एक स्थळ मात्र वर्ज्य आहे. प्रिल आणि सार्टन यांची आडनावं वेगळी, पण गोत्र एकच. दोघं एकाच साखळीवर काम करतात. ही जोडी कागदावर मोठी देखणी दिसत होती. 2008 मध्येच ऑनटार्गेट या चाचणीत टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल एकत्र देऊन पाहिलं, तेव्हा दाब थोडा जास्त उतरूनही फायदा काहीच वाढला नाही, उलट चक्कर आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या. बैलजोडीतही उजवीकडे चालायची सवय असलेले दोन बैल एका जुवाला जमत नाहीत.

ओलोल घराणं हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना, हृदय कमकुवत झालेल्यांना किंवा नाडी वेगानं चालणाऱ्यांना विशेष उपयोगी. निव्वळ रक्तदाबासाठी त्यांना हल्ली पहिली पसंती नसते. मधुमेहात लघवीतून प्रथिनं जात असतील तर सार्टन किंवा प्रिल असणं मोलाचं. आणि गरोदरपणात, किंवा मूल होऊ द्यायचं ठरवलं असेल तेव्हा, प्रिल-सार्टन दोन्ही टाळायची. ती बाळाच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. गरोदर असल्याचं किंवा तसा बेत असल्याचं डॉक्टरांना आपण होऊन सांगायला हवं.

जुंपण्याआधी जू तपासा

दुसरा बैल आणण्याआधी चाक चिखलात रुतलंय की कुणी खीळ मारून ठेवलीय, हे बघावं लागतं. "गोळी लागू पडत नाही" असं म्हणण्याआधी चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, आकडा खरा आहे का? जिना चढून आलेला, रांगेत तासभर ताटकळलेला, पट्टा बांधलेला असताना सुनेची तक्रार सांगणारा माणूस 158 दाखवेल, त्यात नवल नाही. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पाच मिनिटं शांत बसल्यावर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, न बोलता मोजलेला दाब धरायचा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री, व्यायाम नको. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा खोटाच वाढतो. काहींचा दाब फक्त दवाखान्यातच चढतो. म्हणून शक्य असेल तर घरी दंडावर बांधायच्या यंत्रानं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजून वहीत लिहावं. घरच्या मोजणीत 135/85 च्या वर सरासरी असेल, तर दाब खरोखर जास्त आहे.

दुसरी, गोळी पोटात जातेय का? गोळ्या संपल्या आणि पगार व्हायचा होता, लग्नाला गावी गेलो तेव्हा डबी घरीच राहिली, उपासाच्या दिवशी घेत नाही, दाब नॉर्मल आला म्हणून बंद केली. ही कारणं दवाखान्यात उच्चारायला संकोच वाटतो. पण ती लपवली तर डॉक्टर न घेतलेल्या गोळीवर आणखी एक गोळी जोडतात. पुढे कधी दोन्ही नेमानं घेतल्या की माणूस चक्कर येऊन पडतो.

तिसरी, पलीकडून कुणी ओढतंय का? गुडघेदुखीसाठी रोज घेतली जाणारी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं दाब वाढवतात आणि रक्तदाबाच्या गोळीचा परिणामही बोथट करतात. सर्दीच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, रोजची दारू यांचंही तसंच. आणि आपल्याकडे कुणाला शंका येणार नाही असा एक पाहुणा आहे : ज्येष्ठमध. घसा बसला म्हणून एखाददुसरा तुकडा चघळणं वेगळं. काढ्यातून, चूर्णातून रोज भरपूर पोटात गेला तर तो मीठ धरून ठेवतो, पोटॅशियम घटवतो आणि दाब चढवतो.

चौथी, मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्या ताटात भाजी-आमटीतलं मीठ वेगळं, लोणचं-पापड-सांडग्यातलं वेगळं, शेव-फरसाणातलं वेगळं, कोकणात सुक्या मासळीतलं आणखी वेगळं. डाव्या बाजूचं वाढप आवरलं की कित्येकदा गोळीला बळ येतं. सैंधवही मीठच आहे. त्याचा रंग गुलाबी असल्यानं शरीराला काही फरक पडत नाही.

रात्री मोठ्यानं घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं, तरुण वयात एकदम चढलेला दाब, रक्तात सतत कमी राहणारं पोटॅशियम, ही लक्षणं असतील तर मूळ कारण वेगळं असू शकतं. तिथे गोळ्या वाढवण्याआधी तपासण्या हव्यात.

'पुढच्या महिन्यात बघू'

एवढं सगळं नीट असूनही दाब वरच राहिला, तर थांबण्यात शहाणपण नाही. पण प्रत्यक्षात थांबणंच होतं. रुग्ण म्हणतो, "परवाच्या लग्नाची दगदग होती." डॉक्टर म्हणतात, "बरं, पुढच्या महिन्यात बघू." असे महिने साठून वर्षं होतात. कुणाची चूक नसते, दोघांनाही एकमेकांचं मन मोडायचं नसतं. मधल्या काळात मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या वाहिन्या मात्र मुकाट झिजत राहतात. वरचा दाब 10 अंकांनी उतरवला तर पक्षाघाताचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचा 28 टक्क्यांनी घटतो, असं 2016 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला मोठा आढावा सांगतो. "गोळ्यांनी किडनी जाते" म्हणणाऱ्या काकांना हेही सांगायला हवं, की किडनी निकामी होण्याच्या मोठ्या कारणांमध्ये न आवरलेला रक्तदाबच बसलेला आहे.

या चालढकलीवर उपाय म्हणून 2017 मध्ये भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे त्यात आले. त्याची कल्पना साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पायऱ्या लिहिलेल्या असतात : अमुक औषधानं सुरुवात, महिन्याभरात दाब आटोक्यात नसेल तर पुढची पायरी, तरीही नसेल तर त्यापुढची. डॉक्टरांच्या मूडवर किंवा रुग्णाच्या कुरबुरीवर काही अवलंबून ठेवायचं नाही. जगभरच्या मार्गदर्शक सूचनाही आता एक पाऊल पुढे गेल्या आहेत. दाब बऱ्यापैकी चढलेला असेल, तर सुरुवातीलाच दोन औषधं, आणि शक्यतो एकाच गोळीत, असं त्या सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये अशा जोडगोळ्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. डबीत एकच गोळी असली की ती विसरण्याची शक्यता कमी होते, आणि काउंटरवरची "दोन-दोन" ही तक्रारही मिटते.

जोडगोळीचा एक धोका मात्र लक्षात ठेवायला हवा. पाकिटावर मूळ नावाच्या शेपटीला 'एएम', 'एच', 'सीटी' अशी अक्षरं असतात. 'एएम' म्हणजे आत अम्लोडिपिन आहे, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' म्हणजे बहुधा क्लोरथॅलिडोन. नवी जोडगोळी आणल्यावर जुनी अम्लोडिपिनची पट्टी तशीच चालू ठेवली, तर एकच औषध दोनदा पोटात जातं. नवी चिठ्ठी मिळाली की "जुनी बंद करायची की चालू?" हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये.

पहिले काही आठवडे

नवा बैल जुवाला सरावायला वेळ लागतो. दुसऱ्या गोळीचा पुरता परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात. तिसऱ्या दिवशी यंत्र लावून "काहीच फरक नाही" म्हणू नये. या दिवसांत झोपेतून उठताना आधी बसावं, मग उभं राहावं. वयस्कर माणसांना उभं राहिल्यावर दाब एकदम पडून चक्कर येऊ शकते. तशी तक्रार असेल तर उभ्यानंही दाब मोजून घ्यावा. प्रिल, सार्टन किंवा थायझाइड सुरू झालं असेल, तर काही आठवड्यांत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासतात. क्रिएटिनिन किंचित वाढणं अपेक्षितच असतं, फार वाढणं नाही. थायझाइडवर असलेल्या आजीला अचानक सुस्ती आली, ती असंबद्ध बोलू लागली, तर "वयच झालं" म्हणून सोडून न देता सोडियम बघावं. प्रिलनं कोरडा, चिवट खोकला आला तर त्याच्या जागी सार्टन देता येतं. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र क्षणही न दवडता रुग्णालय गाठायचं. आणि उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं असेल, तेव्हा या गोळ्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

दोनही पुरल्या नाहीत तर तिसरी असते. अम्लोडिपिन, सार्टन आणि थायझाइड हा तिघांचा मेळ बहुतेकांना पुरतो. त्यानंतरही दाब हटला नाही तर स्पायरोनोलॅक्टोन हे जुनंच औषध चौथ्या जागी सर्वांत चांगलं चालतं, असं 2015 मधल्या ब्रिटनमधल्या चाचणीनं दाखवलं. वाट उलटीही जाते. वजन सात-आठ किलोनं उतरलं, मीठ निम्म्यावर आलं, चालणं वाढलं, तर डॉक्टर एखादी गोळी कमीही करतात. जुंपलेला बैल कायमचा जुंपलेलाच राहतो असं नाही. फक्त तो आपण परस्पर सोडायचा नसतो.

तेव्हा चिठ्ठीवर दुसरं नाव उमटलं, की "आजार वाढला का?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. आजार बहुधा तेवढाच असतो, एका गोळीची हद्द तेवढी उघडी पडलेली असते. त्याऐवजी चिठ्ठी डॉक्टरांसमोर धरून विचारावं, "ही कुठल्या बाजूनं ओढते?" सांगणाऱ्याला दोन मिनिटं लागतील. पण मग घरी पोचल्यावर मावशीला, काकांना आणि मोबाईलवरच्या यादीला द्यायला आपल्याकडे उत्तर असेल.